सावटगडची राई

श्रावणाची झड लागलेली. सावटगडावर उजाडत होते, आणि पश्चिमेच्या उतारावर, जिथे तीन सालांमागच्या चैत्रापर्यंत ऐन-किंजळ-सागाची देवराई सूर्यालाही आत येऊ देत नव्हती, तिथे आता तांबड्या मातीत नुसती खोडे उभी होती. सदरेवरून ती न्याहाळताना सबनीस विसाजीपंतांना वाटले, मसणवटीतून सगळे घरी गेले आणि आपण एकटेच मागे राहिलो.

राई तोडवली ती पंतांनीच. आरमाराला डोलकाठ्या हव्या होत्या, किल्लेदार हैबतरावांना सुभेदारी हवी होती, आणि पंतांना हैबतरावांची मर्जी हवी होती. आडवी आली ती रीत. देवाचा कौल मिळाल्यावाचून राईतली डहाळी मोडायची नाही. पाषाणाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. डावी कळी लावायचा मान सरकारातर्फे सबनिसाचा. पंतांची देवावर श्रद्धा होती, भरवसा नव्हता. त्यांनी बोटाला फणसाचा चीक लावून नेला. डावी चिकटून राहिली, उजवी कळी पडली, कुऱ्हाडी चालल्या. धाकू गुरवाने पाषाणाकडे पाहिले, मग पंतांच्या बोटाकडे.

आज तोच धाकू खबर घेऊन भिजत गड चढून आला होता. जांभ्या खडकावर सायीसारखी पातळ माती, मुळांनी धरून ठेवलेली. मुळे कुजली, उतार भेगाळला, पायथ्याचा झरा लाल वाहू लागला. खाली कोंडवाडी नांदत होती, पण हलायला कोणी तयार नव्हते. देवानेच कौल दिला, तो का आपल्या अंगावर डोंगर टाकील?

वाडी हलवायचा हुकूम मागायला पंत हैबतरावांकडे धावले. ते हसले. "पंत, कौल तुमच्यादेखत झाला. देवाचा शब्द आता चिखलाला भिऊन फिरवायचा?"

चिकाची गोष्ट सांगून टाकावी, तर अब्रूही जायची आणि वाडीला पटेपर्यंत डोंगर थांबायचाही नाही. उरली इशारतीची तोफ. ती वाजली की गनीम आला, चुलीवरचे चुलीवर टाकून ओढ्यापलीकडच्या उंच टेपावर चढायचे, हे वाडीच्या हाडीमाशी खिळलेले. मात्र गनीम नसता बत्ती देणाऱ्याला कडेलोट. पंतांच्या ठायी मरायचे धाडस होते, कबुलीचे नव्हते. त्यांनी गोलंदाजाला दूर सारून स्वतः बत्ती दिली.

हैबतराव उपसल्या तलवारीनिशी आले. "गनीम कुठे आहे, पंत?"

"येतो आहे, सरकार."

मुसक्या बांधून त्यांना कड्यावर उभे केले. तिथून वाडी रिकामी होताना दिसत होती. म्हातारी माणसे पाठुंगळीला, गुरे पुढे. शेवटचे ढोर ओढा ओलांडून गेले आणि उतार सुटला. खोडे आडवी झाली नाहीत. ती उभ्याउभ्याच मातीसकट निघाली, जणू राईच वाडीवर चालून आली. घरे, गोठे, झरा, सारे तिच्या पोटात गेले.

हैबतरावांनी पंतांच्या मुसक्या आपल्या हातांनी सोडल्या. देव पंतांच्या कानी बोलला, अशी वदंता पसरली. गडाचे पाणीही त्याच झऱ्याचे; ते तुटले तसा गड ओस पडला. ज्याला कधी वेढ्याने नमवले नाही, तो तहानेने नमला. उतारावर उघडा खडक राहिला, त्यावर गवतही धरले नाही.

टेपावर नवी वाडी वसली. दरसाल नव्या भाताचे पहिले तांदूळ पंतांच्या दारी येत, आणि घेऊन येई धाकू. एके साली पंतांना राहवले नाही.

"धाकू, तुला सगळे ठाऊक आहे ना रे?"

धाकूने गाठोडे उंबऱ्यावर ठेवले. "ठाऊक आहे, पंत. पण पोरं निजताना तुमचं नाव घेतात. ते मी कशाला काढून घेऊ?"

पंतांनी गाठोडे आत नेले. तो भात त्यांना मरेपर्यंत खावा लागला.