काळ्या कडा

ही गोष्ट दोन हजार सोळा सालची. आभासी जग दाखवणारे चष्मे तेव्हा नुकतेच दुकानांत आले होते. डोळ्यांवर चढवायचा, पट्टा आवळायचा, की बसल्या जागी समुद्र! आत्याच्या दुकानात त्यांचे पाच प्रकार होते आणि गिऱ्हाइकांना ते दाखवायचं काम भाच्याकडे होतं.

एका गुरुवारी दुपारी ती आली. छत्री मिटता मिटता दाराजवळच्या स्टँडला धडकली आणि त्यावरची मोबाइलची सगळी कव्हरं जमिनीवर.

"खरेदीला आलात की दुकान पाडायला?" भाच्याने विचारलं.

"पाडत नाही हो, मी घरं उभी करते... कागदावर." ती हसली. ती नकाशे काढायची. न बांधलेली घरं लोकांना आतून फिरवून दाखवायची होती, म्हणून चष्मा निवडायचं काम तिच्या ऑफिसातल्या साहेबांनी तिच्यावर टाकलं होतं.

चष्मा बसवण्याआधी दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर मोजावं लागे. तो पट्टी घेऊन अगदी समोर बसला.

"माझ्या डाव्या डोळ्याकडे बघा. हलू नका."

"तुम्हीच हलताय—"

त्याने पट्टी दुसऱ्या हातात घेतली. मागे आत्या उगाचच खाकरली.

पाचही चष्मे लावून तिने नाक मुरडलं. "सगळ्यांच्या कडा काळ्या. नळीतून बघितल्यासारखं वाटतं. जरा रुंद दाखवा ना."

"पुढच्या गुरुवारी नवा येतोय," तो म्हणाला. तेव्हा ते खरं होतं.

ती आली. त्याही चष्म्यात तिला नळीच दिसली. तिसऱ्या गुरुवारी त्याला शंका आली. थोडी काळी कड सगळ्यांनाच दिसते, पण नळी? ती चष्म्याविना समोर बघत असताना त्याने तिच्या कानाजवळ हळूच बोटं हलवली. तिला पत्ताच नाही! बोटं पार भुवईपर्यंत आली, तेव्हा ती दचकली.

"काय रे? हे काय चाललंय?"

"डास होता..."

तुम्हीचं तू त्याच दिवशी झालं. तिला बाजूचं दिसत नाही, हे मात्र त्याला कळलं होतं. सांगितलं तर ती दवाखान्यात जाईल, मग इथे कशाला येईल? शिवाय आपली शंका खोटीही असेल, अशी त्याने मनाची समजूत घातली. पुढच्या गुरुवारी सांगू. असं करता करता नऊ गुरुवार गेले. दर वेळी नव्या चष्म्याचा वायदा, नवी थट्टा, कपात गार होत गेलेला चहा. एकदा तिने स्वतः काढलेलं घर त्याला चष्म्यातून दाखवलं.

"ही खिडकी कुणासाठी?" त्याने विचारलं.

"आहे एक जण... दर आठवड्याला खोटं बोलतो. म्हणतो, पुढचा चष्मा रुंद आहे."

त्याने चष्मा काढलाच नाही. आत डोळे भरून आले होते.

आत्याला सारं ठाऊक झालं, तेव्हा ती कडाडली, "तिचे डोळे आहेत ते, मेल्या! तुझी प्रेमपत्रं नव्हेत. आज सांग!"

पण त्या दिवशी ती आली, ती कपाळाला पट्टी बांधूनच. रस्ता ओलांडताना बाजूची सायकल तिला दिसली नव्हती. त्याने सगळं सांगितलं, एका दमात. तुझ्यावर प्रेम आहे, हेही त्यातच.

डॉक्टर म्हणाले, डोळ्यांतला दाब वाढलाय. उरलेली नजर टिकवता येईल, गेलेली परत आणता येणार नाही. या तीन महिन्यांत बरीच गेली असावी.

दवाखान्याच्या पायरीवर तिने विचारलं, "तुला कधी कळलं?"

"तिसऱ्या गुरुवारी."

तिने कपाळावरची पट्टी चाचपली. "मला वाटायचं, तू माझ्यासाठी रुंद चष्मा शोधतोयस."

"सांगितलं असतं तर... तू परत आली नसतीस."

"आले असते रे," ती म्हणाली. "हात धरायला मी तुलाच बोलावलं असतं."

आणि कठड्याला धरून ती एकटीच पायऱ्या उतरली.

आत्याने पुढच्याच वर्षी दुकान विकलं आणि शेवटपर्यंत त्याच्याशी हा विषय काढला नाही. नकाशे काढणारीची नजर नाण्याएवढी उरली. नकाशे सुटले. थोरल्या बहिणीकडे राहते, फोनवरची नोकरी करते. लग्न केलं नाही. त्याचं झालं, दोन मुली आहेत.

गेल्या वर्षी एका लग्नात तो तिच्या उजव्या हाताला, वीतभर अंतरावर उभा होता. ती समोर बघत होती. एक शब्द बोलला असता, तर तिने मान वळवली असती. तो अक्षता पडेपर्यंत तसाच उभा राहिला, मग मागच्या दाराने निघून गेला.