एकटी वाचलेली काळी

"शेजारच्या खैरुनबीनंच ज्वारीत जहर टाकलं. अकरा कोंबड्या गेल्या माह्या!"

मुकुटबनच्या लीलाबाई ओट्यावर बसून रडत होत्या. वणीहून आलेल्या खासगी गुप्तहेर समीक्षाने त्यांना रडू दिलं. तिचा सहायक बादल मात्र वहीत 'खैरुनबी' लिहून मोकळा झाला. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!

"एकही वाचली नाही?"

"काळी वाचली. माह्या नयनची."

लेक नयन दिग्रसला नांदत होती. महिन्यापूर्वी बाळंतपणात गेली. तेरवीनंतर लीलाबाईंनी तिच्या अंगणातली ही एकच कोंबडी आणली होती.

"तिकडं हिचं बी तोंड सुजलं होतं. नयननं हळद लावून वाचवलं. अजून बी नयनसारखी हाक मारली तरच येते."

"बाकीच्या कशा मेल्या?"

"तोंडं सुजली, नाकातून घाण पाणी. आठ-दहा दिवस तडफडल्या."

अंगणात पाण्याची कुंडी एकच होती.

कुंपणापलीकडे खैरुनबी तांदूळ निवडत होत्या. भर दुपारी त्यांच्या कोंबड्या डाल्याखाली झाकलेल्या.

"दिवसा कायले झाकल्या, खाला?" बादलने विचारलं.

"बिल्ली फिरते." मग हळूच, "काळी बरी हाय ना?"

"लीलाकाकूंना ज्वारी दिली होती?" समीक्षाने विचारलं.

"दिली. त्याच पोत्यातली माह्या बी खातात."

समीक्षाने दोघींना कुंपणापाशी बोलावलं.

"जहर ज्वारीत असतं तर खालांच्या कोंबड्याही मेल्या असत्या. हा नाकाचा, जंतूंचा रोग. काळीचं अंग त्याच्याशी एकदा लढलंय, म्हणून ती तगली. पण जंतू तिच्या नाकात राहिले आणि कुंडीतून पसरले. बाकीच्यांच्या अंगाला त्यांची ओळखच नव्हती."

"मग डालं?" बादलने विचारलं.

"खालांनी रोग ओळखला होता. बोलल्या असत्या तर काळीला मारावं लागलं असतं."

लीलाबाई कुंपणाला खेटल्या. "खैरुनबी, मी आळ घेतला, तरी गप राह्यली?"

"माह्या बी अशाच गेलत्या एकदा. समजलं तवा उशीर झालता. काळी गेली असती, तं नयनचं काय राह्यलं असतं तुह्याजवळ?"

"औषधानं जंतू जाईन का, पोरी?"

"भरवसा नाही, काकू."

लीलाबाईंनी पलीकडच्या डाल्याकडे पाहिलं. खैरुनबीचं घर त्याखालच्या कोंबड्यांच्या अंड्यांवर चालत होतं.

"घेऊन जा तिले. मारायचं तं इथं नको."

काळी ना समीक्षाच्या हाती आली, ना बादलच्या. शेवटी लीलाबाईंनीच डोळे पुसले आणि नयनसारखी हाक घातली.

"काळे, ये गं, ये ये..."

काळी धावत आली.