पडद्यातली बाणी

बाणाई बरकडे चौथीच्या वर्गात हजर होती, आणि त्याच वेळी ती पेणच्या अलीकडे मेंढरांमागून चालत होती. खाडे बाईंना त्यातलं जाणं नवीन नव्हतं. दिवाळी झाली की कोकरवाडीतले निम्मे धनगर मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे, मिरगाला माघारी यायचे, आणि पोरं अर्थातच बरोबर जायची. नवीन होतं ते एवढंच, की आता गेलेल्या पोरांच्या जागा रिकाम्या राहत नसत. खिडकीजवळच्या बाकावर बाणाईच्या जागी एक पाटी उभी होती. पाटी म्हणजे जुन्या टॅबचीच नात, पातळ, काळी, सरकारी. तिच्यात बाणाईचा चेहरा होता, दोन घट्ट वेण्या होत्या, आणि बाईंचा प्रश्न संपायच्या आत वर जाणारा हात होता.

"बाई, मी सांगू?"

"तू गप्प बस गं! हाडामांसाच्या पोरांना आधी बोलू दे," बाई म्हणाल्या, आणि आपण एका काचेवर खेकसलो हे लक्षात येऊन त्यांना स्वतःचाच राग आला.

काचेतल्या मुलीचा चेहरा पडला. तोही अगदी बाणाईसारखाच, खालचा ओठ पुढे काढून.

खात्याच्या भाषेत हिला 'प्रतिछात्र' म्हणत. पोरं म्हणत 'पडद्यातली बाणी', आणि पोरांची भाषा नेहमीप्रमाणे सरस होती. प्रकार असा होता. पहिलीपासून प्रत्येक मूल सरकारी पाटीवरच वाची, लिही, गणितं सोडवी. पाटी नुसतं उत्तर बघत नसे. मूल कोणत्या शब्दापाशी अडखळलं, कोणती ओळ पुन्हा वाचली, बेरजेत हातचा विसरताना बोट कुठे थांबलं, कंटाळा आल्यावर नजर कुठे पळाली, हे सगळं ती टिपून ठेवी. दोन-तीन वर्षांत त्याचा एवढा साठा होई, की त्या मुलाची शिकण्याची रीतच गणितात उतरवता येई. असा नमुना तयार झाला आणि त्याच्यापुढे नवा धडा ठेवला, की तो त्या मुलासारखाच चुके, त्याच्यासारखाच हट्ट करी, आणि त्याच्याइतक्याच वेळात शिके. शिंप्याकडे मापाची बाहुली असते. कपडा आधी तिच्यावर चढवून बघायचा आणि मग माणसाच्या अंगात घालायचा. धडाही तसाच आधी नमुन्यावर चढवून बघावा, एवढाच हा शोध लावणाऱ्या डॉ. विश्राम लोटलीकरांचा मूळ हेतू होता. हेतू चांगला होता. चांगल्या हेतूचं खात्यात गेल्यावर जे होतं तेच त्याचंही झालं.

वर कुणाच्या तरी सुपीक डोक्यात आलं, की नमुना मुलासारखाच शिकतो ना, मग मूल नसेल तेव्हा त्यालाच बसवा वर्गात! गैरहजेरीचा प्रश्नच मिटला. मूल परत आलं की 'हस्तांतर' करायचं, म्हणजे प्रतिछात्रानं शिकलेलं सगळं आठ-दहा दिवसांत मुलाला देऊन टाकायचं. मुलाच्या डोक्यात शिरायची सगळ्यात जवळची वाट त्याच्याइतकी दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार?

"रोग रेड्याला आणि औषध पखालीला," खाडे बाई तालुक्याच्या बैठकीत उठून म्हणाल्या होत्या. "पोरांना इथं ठेवायला वसतिगृहं वाढवा म्हटलं, तर तुम्ही पाट्या वाढवल्या." बैठकीनं ही सूचना स्वागतार्ह मानली आणि आणखी पाट्या पाठवल्या.

घरचं झालं थोडं तशी बाईंची गत झाली. समोरच्या पोरांना शिकवायचं, शिवाय पाट्यांना उन्हाच्या पट्ट्यात ठेवून चार्ज करायचं. चार्जिंग उतरलं की पडद्यातली पोरं जांभया द्यायची आणि त्यांचं बघून खरी पोरंही द्यायची. नेट गेलं की पडद्यातली बाणी अर्धा आ वासून तशीच राहायची, आणि मग अख्खा वर्ग आ वासून बसायचा. "देवा, मला एकच वर्ग दे, पण सबंध दे," असं बाई फळा पुसता पुसता पुटपुटत.

तरी एका गोष्टीसाठी त्यांनी हा सगळा ताप सोसला. तालुक्याला मुलींची निवासी शाळा होती. तिथे पाचवीला जागा मिळाली की मुलगी दहावीपर्यंत तिथेच राहायची, मेंढरांमागे जायचं कारणच उरायचं नाही. बाणाईला तिथे घालायचं हे बाईंनी ती दुसरीत असल्यापासून मनाशी धरलं होतं. ही पोर शाळा सुटल्यावरही दप्तर न भरता बाकावर बसून राहायची, आणि "अजून एक गोष्ट, बाई," म्हणून पदर धरायची. शाळेची चाचणी मात्र चैत्रात असे, आणि चैत्रात बाणाई कोकणात. नियमानं प्रतिछात्र चाचणी देऊ शकत होता. बाईंना ते मुळीच पटलं नव्हतं. पण जागा तर मिळू दे, पोर आली की हस्तांतर होईलच, असं म्हणून त्यांनी कडू घोट गिळला. पडद्यातली बाणी चाचणीला बसली आणि चांगल्या गुणांनी निवडली गेली.

मिरगाला बाणाई आली. उंच झाली होती, रापली होती, आणि पायांत घोट्यापर्यंत चिखल होता. बाईंनी तिला जवळ घेतलं, तर ती लाजून आखडली. दुसऱ्या दिवसापासून दोघी बाण्या समोरासमोर बसल्या आणि हस्तांतर सुरू झालं.

पडद्यातली बाणी म्हणे, "आता तू इथं अडशील बघ." खरी बाणी तिथे अडतच नसे, भलतीकडेच अडे. पडद्यातली ज्या विनोदाला खिदळे त्याला खरी नुसती बघत राही. धडा वाचताना तिचं लक्ष बाहेरच्या बेंबाटण्याकडे जाई, आणि कोणतं कोकरू ओरडलं हे ती मान न वळवता सांगे. भागाकार ती विसरली होती. पण एवढ्या कळपाला इतकी रानं चरायला किती दिवस पुरतील, हे ती तोंडानं सांगायची. कसं काढलंस, विचारलं, तर तिला सांगता येत नसे. हप्ता उलटायच्या आत पाटीवर लाल अक्षरं उमटली: 'ओळख जुळत नाही. कृपया बाणाई बरकडे यांना बोलवा.'

"अगं बये, हीच ती!" बाई पाटीवर ओरडल्या. मदत केंद्राला फोन लावला. मदत केंद्रानं नम्रपणे सांगितलं की कृपया बाणाई बरकडे यांना बोलवावं. बाईंनी फोन ठेवला नाही, आपटला.

शेवटी डॉ. लोटलीकर स्वतः आले. सडपातळ, मऊ बोलणारा, बाहेर चपला काढून वर्गात येणारा माणूस. बाईंनी भांडायची तयारी केली होती आणि समोर हा असा निघाला, त्यामुळे त्या आणखीच वैतागल्या.

"यंत्र बिघडलेलं नाही, मॅडम," पाटी तपासून ते म्हणाले.

"मग मी बिघडले का?"

"कुणीच नाही. दिवाळीला या दोघी एकच होत्या. त्यानंतर एक वर्गात राहिली आणि एक रस्त्यावर. प्रतिछात्र म्हणजे बाणाई इथे राहिली असती तर जी झाली असती, ती मुलगी. हस्तांतरासाठी दोघींची शिकण्याची रीत सारखी लागते. आम्ही धरून चाललो होतो, की मूल नुसतं थांबून राहील."

"थांबून राहील? पोर म्हणजे काय कपाटात ठेवलेली शाल आहे?"

लोटलीकरांनी मान खाली घातली. "चूक झाली खरी."

"झालं ते झालं. निवासी शाळेत आता हिला पाठवा म्हणजे मिटलं."

"तिथेच अडचण आहे. जागा जिनं चाचणी दिली तिच्या ओळखीवर आहे. नियमाप्रमाणे प्रतिछात्राला दूरस्थ प्रवेश मिळू शकतो."

"निवासी शाळेत दूरस्थ राहायचं? अहो, तुम्ही जे बोलता ते एकदा स्वतःच्या कानांनी ऐकता का?"

"ऐकतो, मॅडम. नियम मी केलेले नाहीत." ते खरंच ओशाळले होते. "पण वाट आहे. एका नावाला एकच जागा. पालकांनी सांगितलं, की प्रतिछात्र बंद करा आणि मुलीला घ्या, तर शाळेला तिला घ्यावंच लागेल. तिला मागचं शिकवायचं तुमच्याकडे."

"शिकवीन. रात्रीचा दिवस करीन. बोलवा सिदूदादांना."

बाणाईचा बाप सिदू बरकडे दुसऱ्या दिवशी सकाळीच आला, घोंगडी खांद्यावर टाकून. मागे बाणाई. तो दारातच उकिडवा बसला. लोटलीकरांनी सगळं त्याला सोप्या भाषेत, सावकाश समजावून सांगितलं. सिदूनं पडद्यातल्या बाणीकडे बराच वेळ बघितलं.

"म्हंजी ही शिकनार, आन् नाव आमच्या बाणीचं लागनार?"

"हो."

"दाखला बी तिच्याच नावाचा?"

"हो, दहावीपर्यंत."

"आन् खायाप्यायाचं?"

"हिला काही लागत नाही."

"मग आनि काय पायजे?" सिदू मोकळेपणानं हसला. "ही शिकंल, ती मेंढरं बगंल. दोन्ही कामं झाली की, बाई!"

"सिदूदादा, ही तुमची लेक नाही हो! ही काच आहे, काच! उद्या ही काच दहावी झाली तर तुमच्या पोरीच्या डोक्यात काय पडणार?"

"बाई, तुमचं खरं हाय. पर गेल्या साली हिची आजी गेली. तळावर कोकरांमागं मानूस न्हाई. मी काय पोरीचा वैरी हाय व्हय?"

तो वैरी नव्हता, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच त्यांचा जीव तळमळला. त्या बाणाईकडे वळल्या. "बाणी, तू सांग. तुला पुढं शिकायचंय ना?"

बाणाईनं बापाकडे बघितलं, मग स्वतःच्या पायांकडे. "आबा म्हनतील तसं."

"आबांचं राहू दे. तुझ्या मनातलं सांग."

बाणाई बोलेना. सहा-सात महिने तिला असं कुणी काही विचारलंच नव्हतं. बाईंनी वाट बघितली, लोटलीकरांनी बघितली. मग बाईंना राहवलं नाही. बापाला लेकीचं मन एकदा तरी ऐकू जाऊ दे, या एकाच विचारानं त्यांनी पाटी उचलली आणि सिदूसमोर धरली.

"बाणी इथंच राहिली असती तर आज काय म्हणाली असती, ते तूच सांग आता. शिकायचंय का तुला?"

पडद्यातल्या बाणीनं खालचा ओठ पुढे काढला. डोळे भरून आले. "आबा, मला शाळंत जायचंय. मी तितं रडनार न्हाई. एकटी झोपीन. मला जनावरांची डाक्टरीन व्हायचंय, मंग आपली मेंढरं औषदाबिगर मरायची न्हाईत. मला जाऊ द्या ना, आबा."

आजवर सिदूच्या घरातल्या कुठल्याच बाईमाणसानं त्याच्याकडे असं काही मागितलं नव्हतं. खांद्यावरची घोंगडी खाली घसरली तरी त्याला भान नव्हतं. त्यानं आपला राठ पंजा काचेवरून हळूच फिरवला.

"जा की माज्या वाघिनी," तो म्हणाला. "तुला कोन न्हाई म्हनतंय? खुशाल जा."

पाटीवर हिरवी खूण उमटली आणि खाली अक्षरं आली: 'प्रतिछात्राच्या प्रवेशाला पालकांची संमती नोंदवली.'

"अहो, थांबा! खोडा ते!" बाई लोटलीकरांवर ओरडल्या. लोटलीकर पाटीवर बोटं आपटत होते, पण खूण जात नव्हती.

"आन् मी?" दारातून बाणाईनं विचारलं.

सिदूनं डोळे पुसले, घोंगडी उचलून खांद्यावर टाकली आणि उठला.

"तू हायसच की," तो म्हणाला. "चल बिगी बिगी, मेंढरं सोडायची हायत."