बिघाड नसलेली तक्रार

राजकोटात दुपारी एक ते चार कोणी कोणाच्या दाराची बेल वाजवत नाही. दुकानांची शटर्स खाली ओढलेली, पंखे पाचवर, आणि सगळं शहर आडवं. म्हणून एप्रिलातल्या एका दुपारी सव्वादोनला बेल वाजली, तेव्हा कोणाची तरी वाईट बातमी आली असंच झरणाला वाटलं.

दार उघडलं तर घामानं निथळलेला एक तरुण उभा होता. खांद्यावर दोर, हातात अवजारांची पेटी. गच्चीवर सोलर बसवायला आलोय म्हणाला.

"तुम्ही कुठले?" तिनं दबक्या आवाजात विचारलं.

"सुरतेचा. का?"

"उगाच. इथला माणूस या वेळी बेल वाजवत नाही. पप्पा उठले तर पॅनेलच्या जागी तुम्हालाच उन्हात ठेवतील."

तो ओशाळला. मग चपला हातात घेऊन, मांजराच्या पावलांनी जिना चढून गेला. तिला हसू आवरेना.

त्याचं नाव केयूर. काम तीन दिवस चाललं. झरणा सकाळच्या शाळेत चित्रकला शिकवायची आणि दुपारी मुलांची चित्रं तपासत घरात एकटीच जागी असायची. ती ताक घेऊन वर जायची, तो चारपर्यंत आवाज न होणारी कामं करायचा. वायर ओढायची, खुणा करायच्या. हातोडा चारनंतर.

"सुरती माणूस शिवी दिल्याशिवाय बोलत नाही म्हणतात," दुसऱ्या दिवशी ती म्हणाली. "तुमची तर एकही ऐकली नाही अजून."

"देतो ना. काम करताना, मनातल्या मनात." त्यानं ताकाचा पेला खाली ठेवला. "तुम्ही वर आलात की... विसरतो."

झरणा रिकामा पेला घेऊन घाईघाईनं खाली आली. त्या दुपारी एका मुलाच्या निळ्या गाढवाला तिनं दहापैकी दहा गुण दिले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सोलर सुरू झालं. राजकोटचं काम आणखी दोन आठवडे आहे, मग सुरत, एवढं सांगून केयूर गेला. झरणाचे पप्पा लाभुभाई यांचं बांधणीच्या साड्यांचं दुकान होतं. वीजबिलाला कंटाळून सोलर घेतलं, तरी नव्या यंत्रांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. या घरात मिक्सर महिन्यात जळला होता आणि धुण्याचं यंत्र थरथरत दारापर्यंत चालत आलं होतं. "नव्याची नवलाई नऊ दिवस," ते म्हणाले. "त्या पोराचा नंबर ठेव. दहाव्या दिवशी लागेल."

झरणानं नंबर कधीच ठेवला होता. तिचाही सगळा भरवसा दहाव्या दिवसावर होता.

पण ते यंत्र काही बिघडेना. रोज सूर्य वर आला की जिन्यातल्या सोलरच्या पेटीवर हिरवा दिवा लागायचा. धुळीचं वादळ झालं, तरी दिवा लागलाच. नऊ दिवस गेले, दहावाही गेला. लाभुभाईंना आधी नवल वाटलं, मग अभिमान. चारचा चहा घेऊन ते गच्चीवरच बसू लागले आणि शेजाऱ्यांना बोलावून मीटर दाखवू लागले. आईनं पेटीला कुंकू लावलं. घरात त्या हिरव्या दिव्यावर चिडलेली एकटी झरणा होती. धडधाकट यंत्रासाठी कारागिराला बोलवायचं तरी कसं? आणि शनिवारी तो सुरतेला निघणार होता.

गुरुवारी तिनं फोन केला. "केयूरभाई... ते बंद पडलंय."

"कधीपासून?"

"सकाळी... अकरापासून."

पलीकडून फोनवर बोटं टकटकल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "उद्या येतो. किती वाजता येऊ?"

"अडीचला," ती म्हणाली, आणि स्वतःच दचकली.

शुक्रवारी अडीचला बेल वाजली नाही. ग्रिलवर एका बोटानं टकटक झाली. केयूर उभा होता, या वेळी चपला आधीच हातात. अवजारांची पेटी मात्र नव्हती.

वर पॅनेलच्या सावलीत त्यानं आपला फोन तिच्यासमोर धरला. "मी बसवलेल्या प्रत्येक गच्चीवर किती वीज होते, ते मला इथे दिसतं. काल अकराला सगळ्यात जास्त वीज कोणाकडे होत होती, बघा."

तिनं बघितलं. लाभुभाईंचंच नाव होतं. तिचे कान तापले.

"मग आलात कशाला?"

"तक्रार आली की यावं लागतं." तो थांबला. "आणि... रोज सकाळी उठल्यावर मी पहिली हीच गच्ची बघायचो. आज तरी काहीतरी बिघडू दे, म्हणायचो. स्वतःच्या कामाचा इतका राग मला कधी आला नव्हता."

"फोन करायचा मग."

"काय म्हणून? सगळं नीट चाललंय का, हे विचारायला?"

"हो," झरणा म्हणाली. "तेच विचारायचं."

"मग विचारतो. झरणा, सगळं नीट चाललंय का?" 'झरणाबेन' न म्हणता त्यानं पहिल्यांदाच तिचं नुसतं नाव घेतलं होतं.

"नाही. अकरा दिवस झाले, काहीच नीट नाही. तुम्ही उद्या गेलात तर होणारही नाही."

वारा तापलेला होता, पण दोघांपैकी कोणीच खाली जायचं नाव काढलं नाही. चार कधी वाजले तेही कळलं नाही, आणि चहाची कपबशी घेऊन लाभुभाई रोजच्यासारखे वर आले.

"काय बिघडलं?"

झरणा आता खोटं बोलणार नव्हती. "काही नाही पप्पा. सगळं छान चाललंय."

"मग हा इथे कशाला?"

केयूरनं काहीच न लागलेले हात पँटला पुसले. "काका, रविवारी आईबाबांना सुरतेहून घेऊन येऊ का?" मग घाईनं पुढे म्हणाला, "चारनंतर."

लाभुभाईंनी आधी मुलीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, मग सावलीत ठेवलेल्या त्याच्या चपलांकडे. बशीत चहा ओतला, फुंकर घालून एक घोट घेतला.

"साडेचारला या," ते म्हणाले. "माझा चहा होऊ दे."