मनोऱ्यावरचं बाक

"अहो, आधी ब्रेक काढा."

मागून आवाज आला तेव्हा ती वाचनालयाच्या रॅम्पवर अर्ध्यात होती. व्हीलचेअरमध्ये बसलेली, दंड भरून आलेले, मांडीवर वही. तिच्यामुळे वाट अडून एक तरुण स्वतःच्या व्हीलचेअरमध्ये मागे थांबला होता.

"काढलाय," ती म्हणाली.

"डावा काढलाय. उजवा टायरला घासतोय. केव्हापासून चालवताय अशी?"

"तीन दिवस झाले..."

"आणि हात अजून जागेवर आहेत? धन्य आहे तुमची."

ब्रेक बघायला ती सरळ उठून उभी राहिली. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. हसावं की माफी मागावी, तिला कळेना. मग तिने घाईघाईने सगळं सांगून टाकलं. ती आर्किटेक्ट. नदीच्या वळणावर, रानात, चाळीस फूट उंच मनोरा उभा करायचा होता. तिथे वीज नाही, म्हणून लिफ्ट नाही. झाडांमधून गोल फिरत वर जाणारा एकच रॅम्प, सगळ्यांसाठी तोच. हातांना किती चढ झेपतो ते स्वतः बघावं म्हणून तिने व्हीलचेअर भाड्याने आणली होती. तीन दिवसांच्या आकड्यांवरून चढ इतका सौम्य धरावा लागला, की रॅम्प हजार फूट लांबला आणि कागदावर अकरा झाडं आडवी आली.

"म्हणजे तुमच्या ब्रेकने अकरा झाडं खाल्ली," तो म्हणाला.

वाचनालयामागच्या गल्लीत त्याचं दुर्बिणी आणि कॅमेरे दुरुस्तीचं दुकान होतं. दुसऱ्या दिवशी ती तिथे हजर. खरी मापं देईल का, म्हणून विचारायला. दुर्बीणवाल्याने डोळ्याचं भिंग न काढता उत्तर दिलं.

"देईन. पण मोजमापापुरतं. ते संपलं की तुम्ही तुमच्या वाटेने, मी माझ्या. मागे एकांना अशीच मदत केली, तर वर्षभर तोंड एवढंसं करून माझी चौकशी करत होते. ते आपल्याला झेपत नाही."

"कबूल," ती म्हणाली. तेव्हा कबूल करायला काय जात होतं?

मापं सुरू झाली. त्याच्या हातांनी रॅम्प सहाशे फुटांवर आला आणि अकराच्या अकरा झाडं वाचली. मनोऱ्याच्या पायाला सिमेंट नाही, जमिनीत पिळून बसवायचे लोखंडी खांब. लाकूड वादळात पडलेल्या झाडांचं. उद्या मनोरा नकोसा झाला तर खोलून न्यावा, जमिनीला पत्ता लागू नये. हे सगळं ती त्याला सांगायची. तो स्क्रू फिरवत ऐकायचा आणि तिला मोजपट्टी म्हणायचा.

ऑफिसच्या अंगणात तिने कठड्याचा खराखुरा तुकडा उभा केला. दुर्बीणवाला त्याच्यासमोर येऊन थांबला.

"काय दिसतं?" तिने विचारलं.

"लाकूड. चांगलं आहे. नदी बघायची असेल तर मान ताणावी लागेल."

"त्यासाठी कोपऱ्यात खाली खिडकी ठेवलीय. खास तुमच्यासाठी."

"आणि माझ्याबरोबर आलेलं माणूस?"

"ते... उभं राहील. कठड्याशी."

"म्हणजे 'तुला काय दिसतंय?' हे आम्ही एकमेकांना फोन करून विचारायचं."

ती हसली, पण ते तिला लागलं. तिचीच चूक होती. रॅम्प सगळ्यांसाठी एक काढला आणि वर नेऊन माणसं वेगळी केली. त्या आठवड्यात तिने कठड्याची फळी काढून तिथे बारीक तारा घेतल्या, कोपऱ्यातली खिडकी खोडली आणि सगळा मजला पुन्हा आखला.

तोवर आणखी एक गोष्ट झाली होती. तो तिला आवडायला लागला होता. भिंग काढून डोळा चोळायची त्याची सवय, चहा आला की कप आधी तिच्याकडे सरकवणं, सगळंच. आणि मोजमाप तर संपत आलेलं. मग ती नवीन मापं शोधून काढायला लागली. एकदा चाकाची रुंदी घेतली. मग तीच ओल्या टायरची घेतली.

"ओलं झाल्यावर चाक फुगतं का, मोजपट्टी?" त्याने विचारलं.

"खात्री केलेली बरी."

घरी आत्याने एकदाच विचारलं, "काय गं, मनोरा आहे की रामायण? संपत कसा नाही?"

अखेर नकाशे मंजूर झाले. मोजायला काही म्हणता काही उरलं नाही. शेवटच्या नकाशाची गुंडाळी घेऊन ती दुकानात गेली तेव्हा बाहेर भुरभुर पाऊस होता. कागद कोरडा राहिला, ती भिजली. त्याने टेबलावरचे स्क्रू बाजूला केले, कागद पसरला आणि डोळ्याला भिंग लावून वाकला.

"छान झालंय," तो म्हणाला. "संपलं, म्हणजे."

"हो."

भिंग रॅम्पवरून गोल फिरत वरच्या मजल्यावर गेलं आणि तिथेच थांबलं.

"व्हीलचेअरच्या जागेशेजारी हे काय?"

"बाक आहे. उंची अशी घेतलीय, की बसलेल्याचे डोळे तुमच्या डोळ्यांच्या रेषेत येतील."

"एकाच माणसापुरतं?"

"प्रत्येक जागेशेजारी एक."

"दीड फूट रुंद. कुणाचं माप घेतलंत?"

पुढच्या मापणीची सबब सांगायची सवय झालेली जीभ ऐनवेळी अडली. काय म्हणेल तो? कबूल केलं होतं ना, म्हणेल.

"माझं," ती म्हणाली. "त्या बाकांपैकी एकावर मला बसायचंय. तुमच्या शेजारी. चौकशी करायला नाही... नदी बघायला."

त्याने भिंग काढलं, डोळा चोळला. मग खणातून मोजपट्टी काढून नकाशाशेजारी ठेवली.

"चाक आणि बाक यांच्यात नऊ इंच सोडलेत."

"कोपराला जागा नको?"

"वर पोचल्यावर कोपराचं काय काम? चार इंच पुरतात. उद्या ये, मोजून दाखवतो."

तुम्हीचं तू कधी झालं, हे तिच्या जरा उशिराच लक्षात आलं.

"उद्या दुकान बंद असतं ना तुझं?"

"म्हणून तर," तो म्हणाला आणि चहाचा कप तिच्याकडे सरकवला.