कारणापुढची काळी पट्टी

ओतिलियाने पायपुसण्यावर बूट घासून बर्फ झाडला आणि वर पाहिलं. जिना तोच होता. फक्त कठड्याला आता हिरवा रंग लागला होता.

"तू हो पुढे," दोरिन फाटकाशीच थांबून म्हणाला. "मी नाही आत येत. इथलं कोबीचं सूप अजून माझ्या पोटात आहे."

"भित्रा कुठला!"

"आहेच. चल, लवकर आटप. इथे माझं नाक गळून पडेल."

दोघंही याच इमारतीत वाढलेली. तेव्हा इथे सरकारी बालगृह होतं. ते बंद पडल्यावर जिल्हा कचेरीने मुलांच्या जुन्या फायली इथेच ठेवल्या. ओतिलिया सहा वर्षांची असताना सरकारने तिला सावेता नावाच्या बाईकडे सांभाळायला दिलं होतं. दोन वर्षं तिला आई होती. मग एका सकाळी कचेरीची गाडी आली आणि तिला पुन्हा इथे आणून सोडलं. का, ते कुणी सांगितलं नाही.

आता सावेता वारली होती. रविवारी तिच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण होतं आणि तिच्या लेकीने ओतिलियाला आवर्जून बोलावलं होतं. त्या टेबलाशी बसण्याआधी ओतिलियाला एकच गोष्ट कळायला हवी होती. आईने आपल्याला नको म्हटलं होतं का? फाइल बघायला मिळावी म्हणून कितीतरी अर्ज केल्यावर आज परवानगी मिळाली होती.

फायलींच्या खोलीत वेतुरियाबाई होत्या. वयस्कर, अंगात दोन स्वेटर.

"बस गं पोरी. माझ्यासमोरच वाचायचं हं, तसा नियम आहे."

फाइल अगदी पातळ होती. ओतिलियाने पानं उलटली. 'मुलगी परत आणली. कारण:' आणि त्यापुढे छापलेली जाड काळी पट्टी.

"बाई, हे काय?"

"दुसऱ्या माणसांबद्दलचं झाकूनच द्यावं लागतं."

"पण परत तर मला आणलं ना? मग कारण माझंच नाही का?"

वेतुरियाबाईंनी चष्मा काढला, पुन्हा घातला. "मूळ पान खाली आहे. साहेबांना विचारून बघते. हलू नकोस."

त्या गेल्या. दार मागे आपोआप लागलं. ओतिलियाचं लक्ष सहज तिकडे गेलं. दाराला आतून मूठ नव्हती. मुठीच्या जागी नुसतं गोल भोक होतं. बालगृहात सगळ्या झोपायच्या खोल्यांना अशीच दारं होती. 'बसवायची राहिली असेल,' तिने मनाशी म्हटलं.

बाहेर दुपार कलत होती. खोलीत ओल्या लोकरीचा वास येऊ लागला. मग जंतुनाशकाचा. मग उकडलेल्या कोबीचा.

बाहेरच्या लांब व्हरांड्यात पावलं वाजली. अनवाणी, लहान लहान. ती आली आणि भिंतीशी ओळीने थांबली. एका बाईच्या थकलेल्या आवाजात हजेरी सुरू झाली. एकेक नाव, आणि प्रत्येक नावामागून बारीकसं "आहे".

ही हजेरी ओतिलियाला पाठ होती. सगळ्यांनी ओ दिल्याशिवाय रांग सुटत नसे. हिवाळ्यात त्या फरशीवर पाय निळे पडत. म्हणून कुणी बेपत्ता असलं की दुसरं कुणीतरी त्याच्या वतीने हळूच ओ देई.

"ओतिलिया."

तिने तोंडावर हात दाबला.

"ओतिलिया..."

मग एक खोकला, अगदी लहान मुलाचा. आणि दाराच्या भोकातून कुजबुज आली,

"ओती... बोल ना गं... पाय गारठलेत..."

बोलायचं नाही, हे तिला कळत होतं. पण त्या खोकल्यातली घरघर तिला सहन होईना. ते पोर आणखी किती उभं राहणार?

"आहे," ती म्हणाली.

बाहेर बऱ्याच जणांनी एकदम सुटकेचा श्वास सोडला आणि हजेरी पुढच्या नावावर गेली. ओतिलियाने खाली पाहिलं. तिचे पाय उघडे होते आणि फरशी बर्फासारखी थंड होती.

तेवढ्यात दार उघडलं. वेतुरियाबाई आत आल्या. मागे दोरिन, वाट पाहून शेवटी तिला शोधायला आलेला, धापा टाकत.

"बघा, नाहीये इथे. तुमची नजर चुकवून बाहेर पडली असेल."

"अहो बाई, मी फाटक सोडलंच नाही!"

"दोरिन!" ओतिलिया हातभर अंतरावरून ओरडली. त्याने तिच्यातून पलीकडे, खिडकीकडे पाहिलं. दार सताड उघडं होतं. तिने पाऊल उचलायचा प्रयत्न केला. रांग सुटल्याशिवाय पाऊल उचलेना.

वेतुरियाबाईंनी फाइल उचलली आणि त्या थबकल्या. "इथली पट्टी कुठे गेली? मी स्वतः..." त्या अडखळत वाचू लागल्या. "कारण: मुलगी... स्वतःहून परत आली."

"खोटं आहे!" दोरिन ओरडला. "तिला गाडीतून ओढून उतरवली होती. मी बघितलंय!" त्याने रागाने त्या ओळीवर बोट आपटलं.

मग त्याने बोट उचलून उजेडात धरलं. त्याला निळी, ओली शाई लागली होती.