होम सिग्नल, निळा!

लाल होता, असं तुम्ही चौकशीच्या अहवालात लिहिलंत. स्टेशनात शिरण्याआधीचा होम सिग्नल लाल होता, चालकाने तो पाहिला नाही, कोळशाची गाडी यार्डात घातली आणि उभ्या वाघिणींवर आदळून मेला. संपलं. मेलेला माणूस फिर्याद करत नाही, म्हणून सगळं त्याच्या माथी मारून मोकळे झालात. त्याची बायको मरेपर्यंत लोकांची नजर चुकवत भाजी आणत राहिली. मुलगी तेव्हा सात वर्षांची होती.

ती मुलगी म्हणजे ताएको. आता त्रेसष्ट. होक्काइदोतल्या सारुनाई गावात, बंद पडलेल्या स्टेशनासमोर तिचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. घड्याळं हल्ली कुणी आणत नाही. लोक आणतात तळहातावर मावणारी वाफेच्या इंजिनांची मॉडेलं आणि म्हणतात, यात चिप बसवून द्या. चिप बसली की इंजिनाला स्वतःचा नंबर मिळतो. एकाच रुळावर दहा उभी असली तरी ज्याचा नंबर पुकारला तेच चालतं.

जानेवारीतल्या एका दुपारी ओनुकी आला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, कानाने जड. ताएकोच्या बापाच्या इंजिनावर तो भट्टीत कोळसा टाकणारा फायरमन होता. त्या दिवशी बर्फात फेकला गेला, म्हणून वाचला. त्याने टेबलावर डबी ठेवली.

“तेच इंजिन आहे बघ, ताए-चान. नंबरसुद्धा मी तोच रंगवलाय.”

“हात थरथरतात तुमचे, काका. सातचा नऊ झालाय.”

“मग सात समजून वाच! चष्मा कशाला लावतेस एवढा जाड?”

ताएकोने बॉयलरचं टरफल उचललं. आतलं धातूचं वजन कानशीने घासून चिपपुरती जागा केली. मोटरचे ब्रश सांगाड्यापासून सोडवून मध्ये पिवळी चिकटपट्टी घातली. ते टेकले तर पहिल्याच करंटला चिप जळते. मग केसासारख्या तारा, एकेक. ओनुकी चहा पीत, कुणी न विचारलेले सल्ले देत बसला होता.

वीतभर रुळाच्या तुकड्यावर तिने इंजिन ठेवलं. चिपला बोलता येत नाही. रुळाला जोडलेल्या यंत्रातून तिला विचारायचं, तुझा नंबर अमुक का? हो असेल तर मोटर क्षणभर फडफडते. नसेल तर गप्प. कारखान्यातून आलेल्या कोऱ्या चिपचा नंबर तीनच असतो.

तीन? गप्प.

तिने चिप बदलली. गप्प. दुसऱ्या पुडक्यातली लावली. तीही गप्प. मोटर ठणठणीत होती, तारा बरोबर होत्या.

“माल खराब दिसतोय, काका.”

ओनुकी वाकून इंजिनाकडे बघत होता. त्याने हात ताठ केला, बोट समोर रोखलं. रेल्वेत तसंच करतात: चालक बोट दाखवून दिसेल ते मोठ्याने सांगतो, फायरमन तेच पुन्हा म्हणतो. आणि सिग्नलच्या हिरव्याला तिथे निळाच म्हणतात.

“होम सिग्नल, निळा!”

टिक.

इंजिन हललं होतं.

“पुन्हा म्हणा.”

“होम सिग्नल, निळा!”

टिक.

“आता लाल म्हणा.”

“लाल!”

काही नाही.

ताएको घाबरली नाही. चावी न देता चालणारं घड्याळ हातात आल्यासारखं तिला झालं. उघडून बघायलाच हवं. टेबलाला धक्का लागत असेल, म्हणून तिने रूळ जमिनीवर, घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवला. टिक. यंत्राचा प्लग उपटला. टिक. शेवटी तारा कापून चिपच बाहेर काढली. मोटरला आता कशाचाही आधार नव्हता. ओनुकीला ऐकू जाणार नाही इतक्या हळू ती म्हणाली,

“निळा?”

टिक.

ओनुकीने ते हलणं पाहिलं.

“ताए-चान, एक सांगू? मारायचं नाही.”

“सांगा.”

“मी सिग्नल बघितलाच नव्हता. भट्टीत कोळसा टाकत होतो. तुझा बाप म्हणाला निळा, मी मान न वळवता म्हणालो निळा. सवयच ती! चौकशीत विचारलं, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलात? खोटं बोलवेना मला.”

“म्हणून गप्प बसलात? छप्पन्न वर्षं? माझ्याकडचा चहा ढोसत?”

तिने ओनुकीपुढचा कप उचलून नेला. बऱ्याच वेळाने भरून परत आणला.

मग तिने कपाटातून अहवालाची प्रत काढली. पुरावा एकच होता: अपघातानंतर सिग्नल लाल सापडला, आणि केबिनमधल्या, सिग्नल बदलायच्या लिव्हरला मधल्या काळात कुणीही हात लावला नव्हता, असं लिहिलं होतं.

“गाडी आत गेली की लिव्हर परत जागेवर लोटून लाल करतात ना, काका?”

“करतातच.”

“म्हणजे निळा असता तरी नंतर लालच सापडला असता. कुणी हात लावला असेल तर.”

“असेल तर,” ओनुकी म्हणाला.

अहवालाखाली सहा जणांच्या नावांचे शिक्के होते. ताएको जमिनीवर बसली आणि एकेक नाव इंजिनाला वाचून दाखवू लागली.

पहिलं. गप्प.

दुसरं. गप्प.

तिसरं. गप्प.

चौथं.

टिक झालं नाही. चाकं फिरली. इंजिन सावकाश, पुरं वीतभर चाललं आणि रुळाच्या टोकाशी थांबलं.

ओनुकीने बॉयलरवर बोट ठेवलं आणि झटक्यात मागे घेतलं.

“गरम आहे,” तो म्हणाला.

चौथं नाव इथे लिहीत नाही. कागद तुमचा आहे, शिक्काही तुमचाच. ताएकोने तुम्हाला एका ओळीचं पत्र पाठवलंय, आणि इंजिन दुकानात त्या टॉवेलवर अजून तसंच आहे, कोमट. ती ओळ ही: गाडी आत गेल्यावर लिव्हर कुणी परत लोटला? उत्तर द्या.